पुलाच्या अलीकडे

शेजारच्या गुणमालेला अडकलेले कण हलवायचा पगार मिळतो, असं मी सांगितलं की गल्लीतले लोक माझ्याच डोक्याकडे संशयाने बघतात. पण खरं आहे ते. पुण्याच्या प्रयोगशाळेत विद्युतभार असलेला एकेक अणू विजेच्या न दिसणाऱ्या खड्ड्यात धरून ठेवतात. त्याला म्हणतात आयन. एका खड्ड्यात असे फार मावत नाहीत. मोठा क्वांटम संगणक करायचा तर त्यांना इकडून तिकडे न्यावंच लागतं, आणि वाटेत हिसका बसला की आयन सांभाळून ठेवलेलं सगळं विसरतो.

तिचे वडील शांतिनाथ वारल्यावर तिच्या आईने, सुंदरीवहिनींनी, दिग्व्रत घेतलं. आम्हा जैनांत जाण्यायेण्याला अशी हद्द घालून घेतात. वहिनींची हद्द आमच्या सांगलीची कृष्णा नदी, पुण्याच्या वाटेवरचा तिचा पूल ओलांडायचा नाही, तेही मरेपर्यंत. मुनींपुढे श्रीफळ ठेवताना आईच्या शेजारी गुणमालाच कौतुकाने उभी होती. पुढे वहिनींचं मांडीचं हाड मोडलं. पोरगी सेवेला सांगलीला आली ती आलीच. आईला पुण्याला नेता येईना, टाकून जाता येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

माडीवर लॅपटॉप घेऊन ती बसायची. विजेचा दाब कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा ते इथून कळवायची आणि तिकडे आयन हलायचा. ही मात्र गल्लीच्या टोकालाही जात नव्हती. शेवटी प्रयोगशाळेतल्या सरांचा निरोप आला, दिवाळीनंतर हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ.

मला राहवेना. "आवं वहिनी, पोरीचा जन्म जायचा तुमच्या व्रतापायी!" मी तोंडावर बोलले.

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत जेवताना त्यांनी लेकीला विचारलं, "तुझा त्यो कण हिकडनं तिकडं गेला, म्हंजे सुटला का गं?"

"न्हाई आई. खड्ड्यातनं निघाला तर हरवतो. आमी खड्डाच हळूहळू फुडं सरकवतो. त्यो आतच असतो."

"म्हंजे लांब गेला तरी आतच?"

"व्हय."

वहिनींनी भाकरी मोडली. "मग जा तू. मला लीलाबाई बघंल."

लीलाबाई म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही, पण मी कुठे नाही म्हणणार होते?

निघायच्या दिवशी वहिनी रिक्षाने पुलापर्यंत आल्या आणि अलीकडेच थांबल्या. गुणमाला मागे बघत पलीकडे गेली. मला रडू आवरलं नाही.

आता रोज दिवस कलला की तिचा फोन येतो, वहिनींना ऐकू यावं म्हणून मी तो स्पीकरवर ठेवते. परवा मागून कुणीतरी तिला घाईने हाका मारत होतं. तिच्यावाचून प्रयोग खोळंबला होता.

"जेवली आई. तू जा बाई कामाला," मी म्हटलं.

"आणि पाणी? आता दिवस मावळंल, मावशी. मग ती रातभर पाणी घ्यायची न्हाई."

वहिनींनी ऐकलं. तांब्या तोंडाला लावला, पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुटली न्हाई गं पोर."