कापलेल्या चार फुल्या

"मावशी, कोपऱ्यातल्या फुल्या कुठं गेल्या?"

कात्री अजून माझ्या हातातच होती. बहिणीची मुलगी प्रज्ञा पुण्यात ताऱ्यांवर पीएचडी करायची. सुट्टीत साखऱ्याला माझ्याकडे आली होती. तिने ताऱ्यांचा एक फोटो आणि गोल छापलेली एक पारदर्शक शीट दिली होती, दोन्हींच्या कोपऱ्यांत जुळवायच्या फुल्या. एकावर एक ठेवून चार टाके घाल, हलायला नको, एवढंच काम. मी शिवणकाम करते. वाकडी कड दिसली की हात कात्रीकडे जातोच. दोन्हींच्या कडा सरळ केल्या आणि कात्रणं चुलीत घातली.

"त्या फुल्यांवरूनच तर जुळवायचं व्हतं गं!"

लोडशेडिंगमुळे लॅपटॉप चार्ज न होता बंद पडलेला. चारची एसटी गाठून तिला हिंगोलीच्या नेट कॅफेतून ताऱ्यांची यादी ईमेल करायची होती. आज गेली नाही, तर मोठ्या दुर्बिणीवरची तिची वेळ दुसऱ्या कोणाला जाणार.

मला रडू फुटायचंच बाकी होतं. मी विचारलं, "हे गोल कशाचे?"

तिने सांगितलं, अवकाशातल्या एका दुर्बिणीने आपल्याच आकाशगंगेतले फार मंद एक्स-रे टिपले होते. ते जिथून आले तिथे एकेक गोल. पण सोडतंय कोण, ते कळत नाही. मधे धूळ आहे. साधा उजेड तिच्यातून येत नाही. इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेसारखा उजेड, पुष्कळसा येतो. म्हणून फोटो इन्फ्रारेडचा. गोलात जो तारा सापडेल त्याच्यावर संशय.

प्रज्ञा शीट सरकवत होती. "बसलं! थांब, हितं बी बसलं." तारे इतके दाट की शीट कुठेही ठेवा, प्रत्येक गोलात कोणीतरी येणारच. ती डोकं धरून बसली.

"खात्रीचे किती हायेत?" मी हळूच विचारलं.

"म्हंजी?"

"बाही लावताना आमी आधी खुणा जुळवतो. मधलं कापड मागून बसतं."

ती ताडकन उठली. "तीन हायेत! जवळचे तारे. दोन्हीकडं चमकतात."

तिने फोटोवरचे तीन ठळक ठिपके आणि शीटवरचे त्यांचे तीन गोल दाखवले. मी टाचण्या घेतल्या. दोन बसले. तिसरा बोटभर लांब.

"काहून बसंना?" प्रज्ञा म्हणाली.

तीन वाजून गेले होते. मला एकदम अस्तर आठवलं. "उलटं तर न्हाई ना लागलं?" गोलांवर आकडे नव्हते, कळणार कसं? शीट पालटली. एक. दोन. तीन! तिन्ही टाचण्या बराबर ताऱ्यांत. प्रज्ञा ओरडली. मीही ओरडले. शेजारणी दारात आल्या तशी लाजून आत पळाले.

सात गोलांत एकेकच तारा निघाला. बाकीच्यांत गर्दी होती, ते सोडून दिले. सात नावं घेऊन ती एसटीकडे धावली.

दुर्बिणीची वेळ मिळाली. वर्षभराने फोन आला. "मावशी, एक खरा निघाला! मेलेला तारा हाय, शेजारच्या ताऱ्याला ओरबाडून खाऊन राहिला!"

"आन् बाकीचे सहा?"

"उगीच वाटेत आलेले."

"तरी एवढी नाचून राहिलीस?"

"एक बी लई झाला गं!"

सातांतला एकच ब्लाउज अंगाला बसला, तर माझ्याकडे गिऱ्हाईक परत यायचं नाही. तिच्या धंद्यात त्याला शोध म्हणतात.