शिवकन्याची हजेरी

पुसेगावच्या शिवारात शिवकन्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. तिनं वावराच्या धुऱ्यावरून एक हाक मारली की तुरीत शिरलेले रोही, म्हणजे नीलगाई, धूम पळत, आणि दोन वावरं पलीकडे तिचे वडील, विश्वंभर, जेवायला उठत. घरात या आवाजाचं कौतुकच होतं. नववीला ती सेनगावच्या शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी, सवयीनं, दणदणीत "हजर मॅडम" म्हणाली. पुढच्या बाकावरची निलम दचकली. मागं वळून म्हणाली, "हा तर भोंगाच आहे." वर्ग खदखदून हसला. झालं, बारसं उरकलं.

एखाद्या शहाण्या माणसानं कानाडोळा केला असता. पण चौदाव्या वर्षी शहाणपण आणायचं कुठून? रोह्यांना न भिणारी ही पोरगी निलमच्या भुवईला भिऊ लागली. तिनं आवाज कमी केला, आणखी कमी केला, आणि शेवटी तिची हजेरी म्हणजे नुसती ओठांची हालचाल उरली. मॅडम नवीन, वर्ग खच्चून भरलेला. त्या खाली मान घालून भराभर नावं घेत; उत्तर आलं नाही की गैरहजर. शिवकन्याला ते दिसत होतं, पण उठून सांगायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं. मग ती रोज एसटीनं जाई, शेवटच्या तासापर्यंत बसे, आणि कागदोपत्री घरीच राही.

एक दिवस विश्वंभरच्या मोबाइलवर शाळेचा निरोप आला: मुलगी सारखी गैरहजर आहे.

त्यांनी आवाज चढवला नाही, त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"रोज घरून निघून राहिली, मग जातीस कुठं?"

"शाळेतच जाते, पप्पा. मी हळू बोलते, मॅडमला ऐकू येत न्हाई."

"तू, अन् हळू?" यावर पुसेगावात कुणीच विश्वास ठेवला नसता. "उद्या मी येतो संगं. माझ्यासमोर हजेरी लाव. न्हाई लागली तर परवापासून वावरात."

दुसऱ्या दिवशी खांद्यावर रुमाल टाकून ते वर्गाच्या दारात उभे राहिले. मॅडमनी नावं घ्यायला सुरुवात केली. शिवकन्याच्या समोर निलमची वेणी, दारात बाप. शाळा आपल्याला किती हवी आहे हे तिला त्याच क्षणी लख्ख कळलं, आणि रडूच यायला लागलं. तेवढ्यात तिचं नाव आलं. तिनं डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"हजर मॅडम."

मॅडमचा पेन थांबला. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. वर्ग हसला, चांगला पोट धरून हसला. शिवकन्या मान खाली घालून सोसत राहिली. मॅडमनी पुढचं नाव घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. हळूहळू तिनं डोकं वर केलं. कुणीच हसत नव्हतं. ज्या हसण्यापायी ती शाळा घालवून बसणार होती, ते धड दोन नावंसुद्धा पुरलं नव्हतं.