हळद लागलेलं पिल्लू

दुपारचं जेवण उरकून द्वारका ओसरीवर गोधडी अंथरून आडवी होते. झोपायचं तिच्या मनात नाही. उशाशी टोपलीत एक पिल्लू आहे, शेजारी त्याच्या पाण्याची वाटी. पिल्लू एकटं पडल्यामुळे सारखं ओरडतंय. ते गप्प झालं की द्वारका दचकून टोपलीवरचं फडकं उचलते, गेलं की काय म्हणून बघते. पिल्लू पुन्हा ओरडायला लागतं आणि तिचा जीव भांड्यात पडतो.

तिची कवडी कोंबडी खुडूक होऊन बसली होती, पण खालची सगळी अंडी नासकी निघाली. तरी कवडी उठेना. दाण्याला शिवेना, पाण्याला शिवेना, नुसती अंग फुगवून बसलेली. मग लेकीनं, रतननं, बाजारातून आयती सहा पिल्लं आणून दिली. "सरकव तिच्याखाली, आई. तिला पिल्लं मिळतील, पिल्लांना ऊब मिळेल." आज सकाळी पाच पिल्लं कवडीनं बिनबोभाट पंखाखाली घेतली. सहाव्याच्या डोक्यात मात्र अशी चोच मारली की रक्त आलं. द्वारकानं तेलात हळद कालवून जखमेवर लावली आणि पिल्लू परत ठेवलं. परत चोच. तिसऱ्या खेपेलाही तेच.

पौषातली थंडी आहे. दिवस कलल्यावर हे पिल्लू एकटं राहिलं तर उद्याची सकाळ बघणार नाही.

"पाच घेतलीस," द्वारका खुराड्याकडे बघत पुटपुटते, "मग यानंच तुझं काय घोडं मारलं गं?"

चिवचिव लांब जाते. जवळ येते. पुन्हा लांब जाते.

खुराड्यापाशी कुणीतरी उकिडवं बसलेलं आहे. हिरवं लुगडं, खांद्यापर्यंत आत घातलेला हात. हनुवटीवर खळी दिसते, म्हणून द्वारकाला वाटतं, रतन आली. पण रतनचे केस पिकलेत. ही तर विशीतली पोर आहे.

"ही माझ्या तांबडीच्या वंशातली का गं?" पोर विचारते.

"कुठली तांबडी?"

"मी ठेवून गेले ती."

मग द्वारकाला उमगतं. ही हौसा, मालकांची पहिली बायको. रतन पाळण्यात असताना तापानं गेली आणि वर्षाच्या आत मालकांनी द्वारकाला करून आणलं. तिचा फोटो कधी निघाला नव्हता. उभा जन्म तिच्या घरात, तिच्या चुलीपुढं गेला, पण तोंड आज पहिल्यांदा दिसतंय. भीती वाटायला पाहिजे, असं द्वारकाला वाटतं. भीती वाटत नाही. अजून जवळून बघावंसं वाटतं.

"अक्का, तुम्ही?"

हौसा फिदीफिदी हसते. "मला अक्का म्हणतेस? आरशात बघितलंस का? तुझ्या नातीएवढी आहे मी."

"मान मोठा तुमचा."

"मानाचं राहू दे. केवढी म्हातारी झालीस गं तू! दात आहेत का?"

"खालचे आहेत."

"मग बरंय. भाकरी तुटते." हौसा वाकून तिच्या गळ्यात बघते. तिथं काळ्या मण्यांत चांदीचा टाक आहे, त्यावर बाईची मूर्ती ठोकलेली. पहिली बायको गेलेली असली की दुसरीनं तिच्या नावाचा असा टाक गळ्यात घालायचा, ही रीत आहे. "ही मी का? नाक चपटं केलंय मेल्या सोनारानं."

"घासून घासून झालंय ते."

"आणि कशासाठी घालायचं हे?"

द्वारका जरा अडखळते. "तुम्ही त्रास देऊ नये म्हणून."

"अगं बाई! मला वाटलं, सोबतीला."

खुराड्याचं दार बुटकं आहे. दोघी वाकून आत शिरतात. आत मांडव आहे. आंब्याचे डहाळे, सांडलेल्या अक्षता, आणि द्वारकाचे हात कोपरापर्यंत पिवळेधमक. अंगाला नव्या लुगड्याचा खळीचा वास आणि त्यावर हळदीचा. मांडवाच्या कोपऱ्यात पाळणा हलतोय आणि त्यातलं पोर रडून रडून निळं पडलंय.

"रतन," हौसा म्हणते. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक होतो. "का रडतीय?"

"माझ्याकडं येईना. घेतली की मागं रेलायची. वाटीनं दूध पाजलं तर थुंकायची. नखानं गालावर ओरबाडलं होतं मला."

"मग काय केलंस?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"मी कुठं होते? सांग की."

द्वारका सांगायला लागते. हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

"विहिरीवर गेले. दगडानं अंग घासलं, सगळी हळद काढली. दांडीवर तुमचं हे हिरवं लुगडं होतं, धुवायचं राहिलेलं. तसंच नेसले. घरात उजेड नको म्हणून कवाड लोटलं, आणि पाठीमागनं जाऊन तिला उचललं. तोंड दाखवलं नाही. तिनं नाक खुपसलं लुगड्यात आणि..."

"आणि?"

"झोपली."

पाळणा थांबलाय. तो पाळणा नाही, टोपली आहे. मांडवही नाही, ओसरी आहे, पण भिंती पेंढ्याच्या आहेत आणि दोघी कोंबडीच्या पंखाखाली बसल्यासारख्या उबेत बसल्यात. द्वारका हौसाच्या लुगड्याकडं बघते. ते तिनं विटेपर्यंत नेसलं, मग फाडून गोधडीत घातलं.

"राग आला का हो तुम्हाला? लुगडं नेसले म्हणून?"

हौसा विचार करते. खोटं बोलायचं नाही, असा विचार करते.

"आला. पहिल्यांदा लई आला. म्हटलं, बघा, माझ्या अंगावरचंसुद्धा काढून घेतलं. मग पोरगी झोपली." ती खांदे उडवते. "झोपलेल्या पोरीपुढं कसला राग धरतेस?"

टोपलीतलं पिल्लू चिवचिवतं. दोघी एकदमच त्याच्याकडं वळतात. पिवळंधमक डोकं. द्वारका त्या डोक्याकडं बघते, मग स्वतःच्या हातांकडं.

"अगं बया," ती म्हणते. "मीच नवरी करून ठेवलंय याला."

हौसा पोट धरून हसते. "आणि समोरनं हात घालत असशील!"

"समोरनंच घातला."

"भर उजेडात?"

"भर उजेडात."

"म्हातारी झालीस आणि इसरलीस. दे इकडं तुझा पदर. माझा इरलाय, फाटायचा." हौसा द्वारकाच्या पदराचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवते आणि पिल्लाचं डोकं पुसायला लागते. हळू, दमानं, जखम सोडून कडेकडेनं. तिची बोटं गार आहेत. द्वारकाला त्या बोटांना हात लावून बघायचंय. ती हात पुढं करते.

हात गोधडीवर पडतो.

ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलंय. टोपली रिकामी आहे. पिल्लू द्वारकाच्या मांडीच्या खळग्यात बसलंय, गप्प, पण जिवंत. डोक्यावर हळद नाही. जखमेची एवढीशी काळी खपली, भोवतीची पिसं ओली.

द्वारका उठते. खुराड्याच्या दारावर गोणपाट सोडते, आत अंधार करते. मग पाठीमागची फळी सरकवून मूठभर पेंढा काढते, कवडीच्या अंगाखालचा, ऊबदार. त्यात पिल्लू घोळवते आणि हात मागून, पोटाखालून आत सारते. कवडी घशातून गुरगुरते. द्वारका हात तसाच ठेवते. कवडीचं अंग तिच्या मनगटावर सरकतं, जरा उचलतं आणि हातावर, पिल्लावर, सगळ्यावर सैल होऊन बसतं.

द्वारका हात हळूच काढून घेते. कान देऊन ऐकते. आतून चोचीचा आवाज येत नाही. थोड्या वेळानं कवडी अगदी खालच्या सुरात कुक-कुक करायला लागते.

"घेतलं का गं शेवटचं?" रतन शेतावरून आलीय, डोक्यावरचा भारा अंगणात टाकते.

"घेतलं."

"कसं काय?" रतन जवळ येते आणि तिच्या पदराचं टोक उचलते. टोक ओलं आहे आणि पिवळं. "आणि हे काय? पदरानं पुसलीस होय हळद?"

"मी नाही. तुझ्या आईनं."

रतन तिच्याकडं बघते आणि हसते. हनुवटीवरची खळी खोल होते.

"म्हणजे तूच की."

द्वारका पदराचं ते टोक तसंच कमरेला खोचते.