खाऊनपिऊन हाडकुळा

आमच्या कुत्र्याची लोकांना भीती वाटली असती, तर आईची काही तक्रार नव्हती. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी गेटला लावून ती मोकळी झाली असती. पण त्याची कुणाला भीती वाटायची नाही, दया यायची. आणि कुत्र्याची दया येते तेव्हा बोट त्याला पाळणाऱ्या बाईकडे वळतं, हे आईला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो मुधोळ जातीचा होता. आता ही जात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. नव्वदच्या दशकातल्या बेंगळुरात, आमच्या इंदिरानगरच्या रस्त्यावर मात्र ती कुणी पाहिलीही नव्हती. तिथे कुत्रं म्हणजे गेटमागून भुंकणारं अल्सेशियन, नाही तर मांडीवर बसणारं पांढरं पॉमेरियन. आमचं हे तिसरंच काहीतरी होतं: उंच, मातकट रंगाचं, निमुळत्या तोंडाचं, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं आणि बरगड्या लांबूनही दिसणाऱ्या. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, कारखान्यातल्या एका सहकाऱ्यांनी ते पिल्लू मुधोळकडच्या आपल्या गावाहून आणून दिलं होतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ही शिकारी कुत्री पळण्यासाठीच जन्माला येतात, कितीही खाल्लं तरी यांच्या अंगाला लागत नाही, असं अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आम्हाला ते कळलं होतं. रस्त्याला कोण कळवणार?

नाव होतं त्याला. पण हाक मारली की यायचं, हे त्याला कमीपणाचं वाटायचं. तेव्हा ते नाव इथे सांगूनही काही उपयोग नाही.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि त्याच्याइतकीच हाडकुळी होते. त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या बायकांना बारकी मुलगी दिसली की हात लावून खात्री करून घ्यायची सवय होती. माझ्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट जुळवायचं, ते जुळलं की आईकडे बघायचं आणि विचारायचं, ‘‘ऊट हाकल्वा?’’ म्हणजे, जेवायला घालत नाही का? आई हसून म्हणायची, दोन वेळा दूध पिते हो, पोळीवर तूप घेते, हिच्या वडिलांकडचे सगळे असेच आहेत. हे सगळं ती माझ्या डोक्यावरून बोलायची. मी तिथेच उभी असायचे, आणि मला त्या बायकांचा मनापासून राग यायचा.

कुत्र्यालाही परक्याचा हात खपायचा नाही. पण तो गुरगुरायचा नाही की चावायचा नाही. कुणी बरगड्या चाचपायला वाकलं की तो एक पाऊल मागे सरकायचा, मान दुसरीकडे वळवायचा आणि शांतपणे निघून जायचा. मला ते फार आवडलं. मीही तसंच करायला लागले. कुणाचा हात मनगटाकडे आला की एक पाऊल मागे, मान वळवायची आणि आत. ‘‘मुलगी शिष्ट झाली,’’ असं एक जण म्हणाली. आमच्या दोघांबद्दल कुणीतरी काढलेला तो पहिला बरा उद्गार होता.

माझा हात मात्र त्याला चालायचा. मी पायरीवर अभ्यासाला बसले की तो आपलं लांबलचक तोंड माझ्या कोपराखाली घालून ठेवायचा. त्यामुळे माझं अक्षर बिघडायचं आणि मला त्याचं काहीच वाटायचं नाही. शाळेतून आल्यावर आम्ही घरासमोरच्या रिकाम्या साइटवर जायचो. तेव्हा तिकडे अशा मोकळ्या साइट खूप होत्या. चारी कोपऱ्यांना दगड आणि मध्ये गुडघाभर गवत, मालक कुठे आहे याचा पत्ता नाही. तिथे मी पळायचे आणि तो पळायचा. तो माझ्याबरोबर पळतो असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मी एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यात पोचेपर्यंत तो सबंध साइटला वळसा घालून परत आलेला असायचा. पण थांबायचा माझ्यापाशीच.

आईचं माहेर बेंगळुरातल्याच शिवाजीनगरचं. कापडाच्या दुकानावर वाढलेलं घर, आणि दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा जेवल्याशिवाय जायचं नाही, असं ती अभिमानानं सांगायची. तिच्या हातचं खाऊन कुणी बारीक राहावं, हाच मुळात तिला आपला पराभव वाटायचा. त्यात आम्ही दोघं. मग सुरू झाला आम्हाला बाळसं आणायचा कार्यक्रम. सकाळी रागीची पेज, मला पेल्यात आणि त्याला थाळीत. दुपारी शेंगदाण्याचे लाडू. केळी. खजूर. तो पेज प्यायचा, लाडू हुंगायचा आणि निघून जायचा. मग त्याच्या वाटणीचा लाडूही मला. शनिवारी संध्याकाळी आई मीठ-मोहऱ्या घेऊन आधी माझी दृष्ट काढायची, मग त्याची. आमच्याकडे बघून कुणाची नजर लागावी असं आमच्यात काय होतं, हा प्रश्न अप्पांनी एकदा विचारला आणि नंतर कधी विचारला नाही.

समोर, त्या साइटच्या शेजारच्या घरात एक अक्का राहायच्या. बाई मनानं चांगल्या होत्या, हे मी आज मान्य करते. तेव्हा मला त्या अजिबात आवडत नव्हत्या. त्यांचं पॉमेरियन इतकं गुबगुबीत होतं, की ते बसलंय की उभं आहे हे पटकन कळायचं नाही. अक्का एका सकाळी स्टीलचा डबा घेऊन आमच्या दारात आल्या.

‘‘स्वल्प मोसरन्ना,’’ त्या म्हणाल्या. दहीभात होता. ‘‘तुमच्या नायीला, कुत्र्याला. अय्यो पाप, बिचारं, कालपण बघितलं मी, कसं दिसतंय ते!’’

आईनं डबा घेतला. चेहरा हसरा ठेवला. पण आमच्या घरात, आमच्या कुत्र्यासाठी, दुसऱ्याच्या घरून भात! तिचे कान लाल झालेले मला दिसले. अक्कांनी समोर उभं राहून तो भात त्याला घालायला लावला. त्यानं एकदा नाक लावलं, मान वळवली आणि सावलीत जाऊन पडला. अक्कांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ‘‘खायचीही ताकद राहिली नाही,’’ त्या म्हणाल्या.

रिकामा डबा परत पाठवायची आमच्यात रीत नाही. आईनं त्यात केळं घातलेला शिरा भरून पाठवला. दोन दिवसांनी डबा उपमा घेऊन परत आला. पुन्हा कुत्र्यासाठी. असं बरेच दिवस चाललं. पॉमेरियन आमच्या शिऱ्यावर अजून गोल होत गेलं आणि आमचं ध्यान होतं तसंच राहिलं.

शेवटी आईनं अप्पांचा जुना स्वेटर उसवून, पुन्हा शिवून कुत्र्याला एक अंगरखा केला. थंडी आहे म्हणून, असं ती सगळ्यांना सांगायची. बेंगळुरात थंडी असते, हे खरंच. पण दुपारच्या उन्हात जीभ बाहेर काढून बसलेला स्वेटरमधला कुत्रा पाहिल्यावर थंडीवर कोण विश्वास ठेवील? स्वेटर घातला की तो पळायचा नाही. जागच्या जागी उभा राहायचा, कुणीतरी त्याचा अपमान केल्यासारखा. शाळेच्या फोटोच्या दिवशी मलाही आईनं फ्रॉकच्या आत दोन शमिजी घातल्या होत्या. त्यामुळे त्याला काय वाटत असेल ते मला नेमकं ठाऊक होतं.

एवढं करूनही डबे थांबले नाहीत. डिसेंबर सरता सरता आई अप्पांना म्हणाली, ‘‘सरी, ठीक आहे, आता बास. अण्णांना सांगा, परत घेऊन जा म्हणावं. तिथे त्याच्यासारखेच असतील सगळे. इथे मी रोज कुणाकुणाला उत्तर देऊ?’’

अप्पांनी अण्णांना सांगितलं. अण्णांच्या ओळखीची एक लॉरी संक्रांतीच्या संध्याकाळी के. आर. पुरमहून त्यांच्या गावाकडे निघणार होती. तिच्यातून ते त्याला घेऊन जाणार असं ठरलं.

मी रडले, भांडले, आईशी बोलणं टाकलं. जेवण सोडावं असंही मनात आलं होतं. पण मी उपोषणाला बसले तरी ते कुणाच्या लक्षात येणार होतं? शिवाय मला आणखी लाडू भरवायला आईला तेवढंच निमित्त मिळालं असतं. तो गेला तर मी मरेन असं मी अप्पांना सांगितलं, आणि मला ते खरंच तसंच वाटत होतं. त्या रस्त्यावर माझ्यासारखं दुसरं कुणीही नव्हतं. अप्पांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईच्या शब्दाबाहेर ते जात नसत.

संक्रांत आली. त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू असायचं. कन्नड शेजारणी एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ-गूळ-खोबऱ्याचं मिश्रण, घेऊन यायच्या, आई तिळगूळ द्यायची, वाण म्हणून स्टीलची वाटी. बैठकीची खोली रेशमी साड्यांनी भरून गेली होती. मला नवा परकर-पोलका घातला होता आणि वाट्या वाटायला उभं केलं होतं. कुत्रा स्वेटर घालून मागच्या अंगणात बांधलेला होता. येता-जाता मी खिडकीतून त्याला बघत होते आणि गेटच्या आवाजाकडे कान ठेवून होते.

समोरच्या अक्कांना वाटी द्यायला मी वाकले, तेव्हा माझे दोन्ही हात अडकलेले होते. मागे सरकता आलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, अंगठा आणि बोट जुळवलं आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, ‘‘ते कुत्रं आज गावाला जातंय. बरं झालं. तिथे तरी त्याला पोटभर मिळेल.’’

आई त्यांच्याच कपाळाला कुंकू लावायला आली होती. तिचं बोट हवेतच राहिलं. मग तिनं कुंकवाचा करंडा खाली ठेवला.

‘‘चला,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्याजणी चला बाहेर.’’

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना असं मधेच कुणी उठवत नाही. आईनं उठवलं. गालाला हळद लागलेल्या, हातात वाट्या धरलेल्या सगळ्या बायका रस्ता ओलांडून समोरच्या साइटवर जाऊन उभ्या राहिल्या. साड्या गवतात अडकत होत्या. आई मागच्या अंगणातून कुत्र्याला घेऊन आली. तिनं त्याची साखळी त्याआधी कधी हातात धरलेली मला आठवत नाही. सगळ्यांसमोर ती खाली वाकली, स्वेटरची बटणं काढली, स्वेटर ओढून काढला आणि कोपऱ्यातल्या दगडावर टाकला. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याची एकन् एक बरगडी दिसत होती. कुणीतरी ‘‘अय्यो’’ म्हणालं.

आईनं साखळी सोडली आणि मला म्हणाली, ‘‘परकर खोच. पळ.’’

मी पळाले. ही शेवटची वेळ आहे एवढंच माझ्या डोक्यात होतं. डोळे भरले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं. मागे बघितलं तर हा जागेवरच उभा, मान दुसरीकडे वळवून. बायका हसायला लागल्या. मी त्याला हाक मारली. तो येणार नाही हे ठाऊक असूनही मारली.

तो निघाला. आधी दिसलंच नाही, गवत तेवढं दुभंगत आलं. मग तो माझ्या बाजूनं गेला. चारही पाय जमिनीवरून सुटलेले, पाठ वाकून ताणली जात होती, आणि ज्या बरगड्यांची साऱ्या रस्त्यानं कीव केली त्या पेटीच्या भात्यासारख्या उघडमीट करत होत्या. पलीकडच्या दगडाला वळसा घालून, वेग जरासुद्धा कमी न करता, तो बायकांच्या अगदी पुढ्यातून गेला. पदर हलले. पुन्हा एक वळसा घेतला. हसणं केव्हाच थांबलं होतं. मग तो माझ्यापाशी येऊन थांबला आणि तोंड माझ्या कोपराखाली घातलं.

‘‘उपाशी पोटी असं कुणी पळेल का?’’ आईनं विचारलं. अगदी साध्या आवाजात विचारलं.

तेवढ्यात आमच्या गेटापाशी अण्णा दिसले. ते आधीच येऊन उभे होते, हातात दोर होता. ‘‘वैनी, लॉरी थांबलीय,’’ ते हळूच म्हणाले.

अक्कांना मात्र अजून राहवत नव्हतं. त्यांनी धापा टाकणाऱ्या माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘कुत्र्याचं सरी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण मुलगी?’’

मी आईकडे बघितलं. दूध, तूप, वडिलांकडचे सगळे असेच, हे सगळं आता पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून मी मान खाली घालायच्या बेतात होते. आईनं यातलं काहीच म्हटलं नाही. तिनं अक्कांकडे बघितलं, मग अण्णांच्या हातातल्या दोराकडे, आणि दोघांनाही एकदमच उत्तर दिलं. तिची कन्नड एरवी भाजीवाल्याशी बोलण्यापुरती असायची. तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

‘‘इब्बरू नन्न मक्कळे.’’

दोघंही माझीच मुलं आहेत. पुढे काही खुलासा नाही, काही सबब नाही. मला इतकं भरून आलं की मी तिथेच, सगळ्या बायकांसमोर, मोठ्यानं रडायला लागले. कुत्र्यानं एक पाऊलही मागे घेतलं नाही. अण्णांनी दोर गुंडाळून खिशात घातला आणि तिळगुळासाठी हात पुढे केला.