मालुबाईची पहिली पंगत

कंग्राळीत लग्न असो, बारसं असो, नाहीतर तेरावं, वाढायला मालुबाईला बोलावणं ठरलेलं. भाताची बुट्टी कमरेवर घेऊन ती पंगतीतून चालायची. लाजेपोटी कोण मागत नाही, ते तिला पान बघूनच कळायचं. स्वतः जेवायची ती सगळ्यांच्या शेवटी, पातेलं खरवडून. मुलाच्या लग्नातसुद्धा तसंच.

मुलाला, परशरामला, हे सलत होतं. तो आता बेळगावात सरकारी कारकून होता. आईनं एकदा तरी आधी बसावं आणि दुसऱ्या कुणी तिला वाढावं, एवढंच त्याला हवं होतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात बोरगावच्या मामाकडून परतताना तो आईला आणि बायकोला, राजाबाईला, घेऊन निपाणीत उतरला. हमरस्त्यावर नवं हॉटेल झालं होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'गावरान जेवण, पोटभर.'

आत भिंती सारवल्यासारख्या रंगवल्या होत्या. वर सुपं टांगली होती.

"सुपं बघायला आणलास व्हय रं?" मालुबाई म्हणाली.

"आये, गप बस. आज तुला वाढत्यात."

तिघं टेबलाशी बसली. पाव तास गेला. कुणी फिरकलं नाही. शेवटी परशरामनं मॅनेजरला हाक मारली.

"बुफे हाय, साहेब. ताट घ्यायचं, आपलं आपण वाढून घ्यायचं."

"आपलं आपण?" मालुबाई म्हणाली. "मग घरात काय वाईट हुतं?"

ताटं घेऊन तिघं रांगेत उभी राहिली. भाकरी वाळून वाकडी झाली होती. पिठल्यात गुठळ्या होत्या. पुढचा गडी डावानं रस्सा घेताना अर्धा पातेल्यांच्या टेबलावर सांडत होता. मालुबाईला ते बघवेना.

"आण हिकडं. असं वाढत्यात व्हय?"

तिनं आपलं ताट बाजूला ठेवलं, डाव घेतला आणि त्या टेबलाच्या पलीकडे गेली. मागच्यांनी ताटं पुढं केली. एकजण तर म्हणाला, "ओ मावशी, तर्री घाला जरा!"

"ती हॉटेलची न्हाय!" परशराम ओरडला.

"लोकं थांबल्याती रं," ती म्हणाली. मॅनेजर लांबूनच खुशीत हसत होता.

"बघा की, आत्याबाई खूश हाईत," राजाबाई हळूच म्हणाली.

"तू मधी बोलू नगंस."

रांग संपेना. परशरामचं डोकं फिरलं. त्यानं आईच्या हातातला डाव हिसकावला, तिला दंडाला धरून बसायच्या टेबलाशी आणलं, खुर्चीत बसवलं आणि ताट भरून पुढं आदळलं.

"जेव! उठायचं न्हाय!"

रांगेतली माणसं वळून बघू लागली.

मालुबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घालून जेवू लागली. भराभर, चव न बघता, रागावलेल्या मास्तरासमोर पोरं खातात तशी. तो शेजारी उभा राहून वाढत होता. ती नको म्हणाली नाही. वाढलं तेवढं सगळं तिनं गिळलं. शेवटचा घास तर पाण्याबरोबर उतरवला.

मग ताटातच हात धुऊन तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

"झालं तुझ्या मनासारखं? बस आता. राजाबाई कवाधरनं उपाशी हाय."

परशराम ताट घेऊन पातेल्यांच्या टेबलाकडे गेला. रस्सा संपला होता. पिठल्याचं पातेलं आत नेत होते.