बुधवारचं पाणी

माझ्या सासरच्या गावात ओढ्यालाच नदी म्हणायचे. उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी, पण नाव नदी! नवी नवरी होते तेव्हा मला हसू यायचं. पण त्याच पाण्यावर अख्खं गाव जगत होतं आणि ते यायचं माझ्या माहेराकडून, शहापुरावरून. माझा बाप तिथला रंगारी. विणकरांचं सूत आमच्या भट्टीवर रंगायचं आणि रंगलेल्या लडी ओढ्यात धुतल्या जायच्या. लहानपणी वाटायचं, पाणी पुढं गेलं म्हणजे संपलं. लग्न होऊन खालच्या गावात आले तेव्हा कळलं, ते कुठं जातं.

झाडांच्या सालीमुळ्यांचे रंग होते तोवर कुणाची तक्रार नव्हती. मग डब्यातले विलायती रंग आले. पाणी तांबडंभडक यायला लागलं. म्हशी तोंड लावीनात, मासे उलटे तरंगू लागले, पोरांच्या अंगाला खाज सुटली. पाणवठ्यावर मी कळशी घेऊन जरा पुढं झाले की एखादी फटकन म्हणायची, "नदी काय तुझ्या बापाची हाय?" लगेच दुसरी, "व्हय की गं, तिच्याच बापाची हाय!" मग सगळ्या खिदळायच्या. मीही कमी नव्हते. म्हणायचे, "आंदण दिलीया त्यानं. तुमच्या बापांनी काय दिलंय, सांगा की!" तोंडानं असं फणकारायचं, आणि घरी येऊन तेच पाणी दोनदा फडक्यानं गाळायचं.

सासरे गावचे पंच. ते तक्रार घेऊन बेळगावला मामलेदाराकडं गेले. मामलेदार म्हणाला, शहापूर संस्थानातलं, आमचा हुकूम तिथं चालत नाही. मग संस्थानच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, पाणी आमच्या हद्दीबाहेर गेलं की आमचं नाही. एका पाण्याला दोन सरकारं आणि वाली एकही नाही! त्या संध्याकाळी सासऱ्यांनी पागोटं खुंटीला अडकवलं आणि कुणाकडं न बघता सांगितलं, "रंगारी पाण्यात रंग सोडतोय तवर ही माहेरला जायची न्हाय." पंचमी आली आणि गेली. दिवाळीला चुलता मुराळी म्हणून न्यायला आला, गूळपाणी घेऊन एकटाच परत गेला. मी दाराआड उभी होते. काय करणार?

शेवटी दोन्हीकडची म्हातारी माणसं ओढ्याकाठी बसली. रंग फक्त बुधवारी सुटेल, बाकीच्या दिवशी पाण्यात एक लडी धुवायची नाही, असं ठरलं. खालच्या गावानं मंगळवारीच पाणी भरून ठेवायचं. माझा बाप दिल्या शब्दाला पक्का, त्यानं वार मोडला नाही. मोडला आमच्याच गावानं. बुधवारी कुणी म्हैस सोडली, कुणाची पोरं डुंबली, आणि पुन्हा रंगाऱ्याच्या नावानं शिमगा. पंचांनी दम दिला, दंडाची भीती घातली, कोण ऐकतंय?

माझी सासू पुरुषांपुढं सहसा बोलत नसे. त्या दिवशी सोप्यात पंच बसले होते, ती उंबऱ्याआडूनच म्हणाली, "बुधवारी नदी भायेर बसली म्हणा की. बघू कोण शिवतंय ते."

झालं! हुकूम मोडायला कुणी भीत नाही, विटाळ मोडायची छाती कुणाची आहे? पुढच्या बुधवारपासून पाण्याकडं कुत्रं फिरकेना. मोठ्या कचेऱ्यांना जमलं नाही ते एका बाईच्या एका वाक्यानं झालं. वर पुरुष थट्टा करायचे, "न्हायीतरी बाईच हाय ती, बसू दे की एक दिस."

गाव सुखावलं. सासऱ्यांचा हट्ट मात्र सुटला नाही. रंग थांबला कुठं, म्हणायचे, नुसता वार ठरलाय. मग मी बुधवारी गोवऱ्या वेचायच्या निमित्तानं काठावर जायचे. तांबडं पाणी आलं की मला बाप दिसायचा, धोतर खोचून ओढ्यात वाकलेला, लडी पिळताना ओठ दाबून धरणारा. हिरवं आलं की वाटायचं, कुणाच्या तरी मुलीचं लग्न आहे. पाणी रंगीत आहे म्हणजे बाप आहे, त्याचे हात चालताहेत. लई आठवण यायची. एकदा न राहवून मी पाण्यात हात घातला. विटाळ तर विटाळ! माझ्या बापाच्या हातातून सुटलेलं पाणी, त्याचा मला कसला आलाय विटाळ?

आणि मग एका बुधवारी पाणी नितळ आलं.

नवल बघायला बायका काठावर जमल्या, त्यांत सासूही होती. एक म्हणाली, "अगं बया, आज बसलीच न्हाय की ही!" दुसरी म्हणाली, "दिस गेलं काय गं नदीला?" जो हशा पिकला! मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आमच्या घरची भट्टी सणाला थांबत नसे, कुणाच्या दुखण्यालाही थांबत नसे. ती विझायची फक्त सुतकात.

सासूनं माझ्या तोंडाकडं बघितलं. हातातली गोवऱ्यांची पाटी काढून घेतली आणि म्हणाली, "जा तू. वाटंनं लांब पडंल, काठाकाठानंच जा. घरात काय सांगायचं ते मी सांगतो."

मी काठ धरून वर चालत सुटले. प्रत्येक वळणावर वाटायचं, इथं तरी एक तांबडी रेघ दिसू दे. तळाचे गोटे दिसत होते, मासोळ्या पळताना दिसत होत्या. एवढं देखणं पाणी मी त्या ओढ्यात कधी बघितलं नव्हतं. मी त्याला शिव्या घालत चालले होते. सटवे, आजच बरी सोवळी झालीस!

अंगणात माणसं जमली होती. बापाला आंघोळ घालून निजवलं होतं. पण कोपरापर्यंत हात तांबडेच होते, तो रंग काय एका आंघोळीनं जाणार? मी त्याचा हात मांडीवर घेऊन बसले. आईचं रडून सरलं होतं. ती कोरड्या आवाजात सांगू लागली.

"गेल्या बुधवारीच अंगात ताप हुता. पडून ऱ्हावा म्हटलं, तर ऐकंनात. भिंत धरत धरत गेलं वढ्यावर. म्हणालं, पाणी नितळ गेलं तर पोरगी घाबरंल."