दोन मामांच्या मधली खुर्ची

माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाचे चुलते खुर्चीवरून पडले, असं जे आमच्या पिंपरी पेंढारमध्ये सांगितलं जातं, ते साफ खोटं आहे. ते खुर्चीवरून पडले नाहीत. ते बसले तेव्हा खुर्ची तिथं नव्हती, एवढंच. आणि ती तिथं का नव्हती, हे कळायचं असेल तर आधी माझ्या मोबाइलमधला गेम समजून घ्यावा लागेल.

मी नारायणगावात ठिबकच्या पाइपांच्या दुकानात काम करतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं आणि मालक झोपलेले असतात, त्यामुळे गेम खेळण्यावाचून मला इलाज नसतो. या गेममध्ये रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि खाली काही माणसं ताटकळत उभी असतात. प्रत्येकाचं काहीतरी खूळ. छत्रीवाल्या आजीला खिडकी पाहिजे. जाड्याला कडेची जागा पाहिजे. नर्सबाईंना कुत्र्याशेजारी बसायचं नाही आणि कुत्र्याला आजी सोडून कोणी चालत नाही. सगळ्यांना मनासारखं बसवलं की पडद्यावर फटाके फुटतात आणि इंग्रजीत शाबासकी मिळते. (घरात मला मराठीत कधी मिळाली नाही, म्हणून मी इंग्रजीतली घेतो.) अशा कितीतरी पायऱ्या मी पार केल्या होत्या. माणसं बसवण्याचं शास्त्र आपल्याला वश झालंय, असा माझा प्रामाणिक समज होता.

त्यात शीतलचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, साखरपुडा ठरला. मुलगा मढचा. त्याच्या घरातलं कर्तं माणूस म्हणजे त्याचे चुलते, अण्णा. सुपारीच्या बैठकीत अण्णा एवढंच म्हणाले होते की हुंडा नको, मानपान नको, फक्त घर शांत पाहिजे, भांडणाच्या घरात आम्ही सोयरीक करत नाही. त्यावर आमच्या सगळ्या घराने चहाच्या कपात बघितलं. कारण आमच्याकडे दोन मामा होते.

दोन्ही मामा खोडदचे. दोघांची रानं शेजारी आणि मध्ये मुळात हातभर रुंदीचा बांध. नांगरताना शेजाऱ्याच्या बाजूने दरवर्षी थोडा थोडा बांध खायचा, याला आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात. थोरल्या मामांचं म्हणणं, धाकट्याने कोरला. धाकट्या मामांचं म्हणणं, थोरल्याने. तो बांध आता इतका बारीक झालाय की त्यावरून मुंगीसुद्धा जपून चालते, पण दोघं भाऊ कैक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या तबकड्यांना म्हणे आकाशातलं कुठलं कुठलं ऐकू येतं. त्यांच्याच सावलीत उभ्या असलेल्या माझ्या मामांना बांधापलीकडचं ऐकू येत नाही.

आईचं एकच मागणं होतं, दोन्ही भाऊ पहिल्या रांगेत बसले पाहिजेत. मुलीच्या मामांचा तो मान. "एकाला फुडं आन एकाला मागं बसवलं तर मागचा जेवायच्या आधी गाडीला किक मारंल," आई म्हणाली. "माझ्या लेकीच्या कार्यातून माझा भाऊ उपाशी गेला, तर मला घास जायचा न्हाई, गण्या." हे म्हणताना तिचे डोळे भरून आले, आणि मला एकदम आपण कर्तबगार असल्यासारखं वाटायला लागलं. मी म्हणालो, तू काळजी सोड, बसवायचं काम माझं.

आदल्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पहिली रांग मांडली. थोरले मामा म्हणजे कांदा, धाकटे मामा म्हणजे बटाटा. अण्णा नारळ (त्यांना टक्कल आहे). आत्या लसणाचा गड्डा. का, ते आत्याला भेटलेल्यांना सांगावं लागत नाही. आता अटी. आत्याला पंख्याजवळची कडेची खुर्ची, नाहीतर तिला भोवळ येते आणि भोवळ आली की ती बोलते. कांदा बटाट्याशेजारी नको, पण दोघं एकाच रांगेत हवेत. नारळ मधोमध, कारण पाहुणा. मी गेममध्ये मुरलेलो, उत्तर चुटकीसरशी आलं. लसूण, कांदा, नारळ, बटाटा. अण्णांना मान मिळतो, दोन्ही मामा पुढे बसतात आणि मधल्या नारळामुळे त्यांना एकमेकांचं तोंडही दिसत नाही. मी वडिलांना हे दाखवायला हाताला धरून आणलं, तर ओट्यावर थोरल्या मामांची जागा रिकामी.

"आये, थोरले मामा कुठंत?"

"आं?"

"कांदा, कांदा."

"पोह्यात," आई म्हणाली.

वडील पोहे खायला बसले. शहाण्या माणसाने हा अपशकुन मानला असता. मी टोपलीतून दुसरा कांदा घेतला.

साखरपुडा आमच्या दारातच होता. मांडव, सतरंजी आणि पुढच्या रांगेत भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी दारात उभा राहून एकेकाला धरून आणत होतो आणि ठरल्या जागी दाबून बसवत होतो. आत्या पंख्यापाशी बसली. थोरले मामा बसले. मढहून पाहुण्यांची गाडी आली, अण्णा मधोमध बसले. धाकटे मामा आले, थोरल्यांना बघून थबकले, मग मधलं ते रुंद टक्कल बघून त्यांचं समाधान झालं आणि तेही बसले. आईने स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि पदराने डोळे टिपले. माझ्या डोक्यात फटाके फुटत होते. इथेच कोणीतरी मांडव उतरवायला हवा होता.

गेममधल्या माणसांचा एक मोठा गुण मला तोपर्यंत उमगला नव्हता. ती एकदा बसवली की बसतात. आजीला लघवीला जायचं नसतं, जाड्याला फोन येत नाही आणि कुत्र्याला नारळ द्यायला कोणी पुढे बोलवत नाही. भटजींनी अण्णांना बोलवलं. अण्णा उठून पाटापाशी गेले. आणि माझ्या दोन मामांच्या मध्ये एक रिकामी, पांढरी, भाड्याची खुर्ची उरली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग थोरल्या मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सहज त्या खुर्चीवर ठेवली. धाकट्या मामांनी टोपीकडे बघितलं. त्यांनी आपला रुमाल काढला आणि टोपीला चिकटून ठेवला. थोरल्यांनी बसायला ऐसपैस व्हावं म्हणून गुडघा पसरला, तशी मधली खुर्ची चारएक बोटं धाकट्यांकडे सरकली. धाकट्यांनी खोकल्यासारखं करून ती परत लोटली, आणि परत लोटताना होती त्यापेक्षा जरा जास्तच लोटली.

"सरकली गं बया," आत्या म्हणाली. ती पंख्याखाली होती, भोवळ नव्हती, तरी बोलली.

मी भिंतीपाशी उभा राहून हाताने खुणा करत होतो, पण मामांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिकडे अण्णा शीतलच्या हातात नारळ देत होते, भटजींचे मंत्र चालू होते, आणि इकडे कैक वर्षांनी भावाने भावाशी तोंड उघडलं.

"खुर्ची हितं व्हती," थोरले मामा म्हणाले.

"हितं न्हाई, ह्या पट्ट्यावं व्हती." धाकट्या मामांनी सतरंजीवरचा लाल पट्टा दाखवला.

"तुज्या बापानं मोजला का पट्टा?"

"बाप दोगांचा एकच हाय."

त्यावर थोरल्या मामांनी खुर्चीचा हात धरला. धाकट्यांनी दुसरा धरला. मागच्या रांगेतली मंडळी नीट दिसावं म्हणून उभी राहिली. भटजींचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, कारण त्यांनाही दिसायला लागलं होतं. आणि नेमके तेव्हाच अण्णा विधी आटोपून, सगळ्यांना हसून हात जोडत, मागे मागे सरकत आपल्या जागेवर आले आणि न बघता बसले. त्या क्षणी थोरल्या मामांचा जोर सरस ठरला होता.

नारळ फुटावा तसा आवाज झाला. (डोकं नव्हे. ओट्यावरच्या मांडणीशी याचा काही संबंध नाही.) मढचे कर्ते पुरुष सतरंजीवर पाय पसरून बसले होते. त्यांच्या मांडीवर थोरल्या मामांची टोपी आणि धाकट्या मामांचा रुमाल. शीतलने माझ्याकडे असं बघितलं की मला माझं बालपणापासूनचं सगळं आयुष्य वाया गेल्यासारखं वाटलं. आई दारात उलथनं घेऊन खांबासारखी उभी. सोयरीक मोडली हे मला त्या उलथन्याकडे बघूनच कळलं.

अण्णांनी आधी टोपी बघितली, मग रुमाल, मग वर बघून शांतपणे विचारलं, "ही खुर्ची मधी कुनी मांडली, पावणं?"

"ह्या गण्यानं," दोन्ही मामा म्हणाले.

दोघं एकदम म्हणाले, एका सुरात, आणि दोघांची बोटं एकदमच माझ्याकडे वळली. दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं मांडवातल्या कोणाच्याच आठवणीत नव्हतं. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण दोघंही एकमेकांकडे बघून दचकले. मग थोरल्यांनी अण्णांना एका काखेत धरलं, धाकट्यांनी दुसऱ्या, आणि उचलता उचलता दोघांनी मिळून माझा उद्धार सुरू केला. दिवसभर मोबाइलात तोंड घालून बसतो, थोरले म्हणाले. आक्कानं लई लाडावलाय, धाकटे म्हणाले. मानसं बसवायची अक्कल न्हाई. दादा बोलतोय ते खरं हाय. धाकट्या मामांच्या तोंडून 'दादा' हा शब्द निघाला आणि आईच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

अण्णांनी कपडे झटकले. मी डोळे मिटून घेतले होते. मग अण्णांनी विचारलं, "बांधाचं हाय ना?" दोन्ही मामा सतरंजीवरचा लाल पट्टा बघू लागले. "आमच्या मढात बी तेच हाय," अण्णा म्हणाले. "माजा भाऊ न्हाई आला आज, दिसला का तुमाला? मी शांत घर मागितलं ते आमचं न्हाई म्हनून." आणि एवढं बोलून तो भला माणूस हसायला लागला. तो हसला म्हणून मढवाले हसले, मढवाले हसले म्हणून आम्ही हसलो, आणि भटजींनी ही संधी साधून उरलेले मंत्र उरकले.

"पन मी काय आता मधी बसायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "ज्यानं मांडली त्यालाच बसवा."

तेव्हापासून मी मध्ये बसतो. त्या दिवशीच्या पंगतीत मी मध्ये होतो. दोन्ही मामा माझ्या ताटावरून एकमेकांशी पावसाचं आणि कांद्याचं बोलत होते, आणि बोलता बोलता दोघांनीही माझ्या ताटातल्या जिलब्या खाल्ल्या. आई वाढत होती. दोन्ही भावांना तिने सारखा आग्रह केला, मग स्वतः जेवायला बसली आणि पोटभर जेवली. त्यानंतर काढलेला पहिल्या रांगेचा फोटो तिने मोठा करून भिंतीवर लावलाय. त्यात दोन्ही भाऊ खांद्याला खांदा लावून बसलेत. नीट बघितलं तर दोघांच्या मध्ये माझा एक कान दिसतो.

गेम मी मोबाइलमधून काढून टाकला. पण आता कुठल्याही कार्यात मामा आले की आधी मला शोधतात आणि हाताला धरून मधल्या खुर्चीवर बसवतात. घरात माझं नावच बांध पडलंय. मी जराही हलत नाही, कोणाच्या बाजूला झुकत नाही. थोरले मामा डावीकडून विचारतात, लग्न कधी करणार. धाकटे मामा उजवीकडून विचारतात, पगार वाढला का. बांध कोरायची त्यांची सवय काही गेलेली नाही.